‘कुलांतरी’ कशाला म्हणायचं आणि जनुकाची ‘अभिव्यक्ती’ म्हणजे काय?

प्रश्न : आमच्याकडे चिकोडी भागात घरी मराठी पेपर येतो, शेजारी कन्नड. मोहरीच्या नव्या वाणाला कन्नड पेपर ‘कुलांतरी तळी’ म्हणतो, मराठी पेपर ‘जनुकीय सुधारित’. आता काही जण गिरनार ४ या भुईमुगाच्या शेंगांच्या वाणालाही कुलांतरी म्हणू लागलेत. हे बरोबर आहे का? आणि जनुकाची ‘अभिव्यक्ती’ हा काय प्रकार?

उत्तर : गिरनार ४ ला कुलांतरी म्हणू नका. कुलांतरी म्हणजे परक्या कुळातलं जनुक आणून घातलेलं. गिरनार ४ साध्या संकरातून आलंय. फॅड२ हे जनुक तेलातल्या ओलेइक या मेदाम्लाचं दुसऱ्या मेदाम्लात रूपांतर करवतं. त्यात आधीच बदल असलेल्या भुईमुगाशी संकर केला, म्हणून गिरनार ४ च्या तेलात ओलेइक आम्ल ८० टक्क्यांच्या आसपास जातं. डीएमएच-११ मोहरी मात्र खरोखर कुलांतरी. तिच्यात बार्नेज आणि बारस्टार ही जनुकं एका जिवाणूतून आणलीत.

अभिव्यक्ती इथेच नीट कळते. बार्नेज पेशीतला आरएनए, म्हणजे जनुकाचा संदेश नेणारा रेणू, तोडतं. ते झाडभर चाललं तर झाडच मरेल. म्हणून त्याच्या आधी टीए२९ नावाचा प्रमोटर जोडला. मराठीत त्याला ‘प्रवर्तक’ म्हणतात, आणि शब्द चांगला आहे. हा प्रवर्तक फक्त परागकोशाच्या आतल्या अस्तरात जनुक चालवतो. तिथे पराग धरत नाहीत, झाड नर-वंध्य होतं आणि संकरित बी करता येतं. जनुक पानांत आहे, मुळांत आहे, पण तिथे त्याचं काम होत नाही. जनुकाचं काम कुठं, कधी आणि किती होतं, ती त्याची अभिव्यक्ती. निपाणीकरांना आवर्जून सांगतो, टीए२९ तंबाखूतून घेतलाय. तसाच नॅपिन हा मोहरीवर्गातला प्रवर्तक, तो बी भरताना बियातच काम करतो. तेलाची प्रत बदलायची आणि झाडाला धक्का लावायचा नाही, तर असाच प्रवर्तक लागतो.

दुसरा प्रतिसाद : ‘जनुक काढून टाकलं’ हेही सरसकट लिहितात, ते खटकतं. ऑस्ट्रेलियात करडईत फॅड२ गप्प केलं, तिथे जनुक जागेवरच आहे. त्याचा संदेश घेऊन निघालेला आरएनए वाटेत तोडला जातो. याला ‘मूकीकरण’ म्हणावं. क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राने जनुकातली अक्षरंच बदलली तर ते ‘संपादन’. आपलं सरकारही हा भेद मानतं. परकं जनुक शिल्लक नसलेल्या काही संपादित पिकांना २०२२ मध्ये कुलांतरी पिकांच्या कडक नियमांतून सूट मिळाली. सगळ्यालाच ‘जनुकबदल’ म्हटलं तर शेतकऱ्याला हा फरक कळणार कसा?

प्रश्नकर्ता : मग अभिव्यक्तीऐवजी सरळ ‘जनुक चालू, जनुक बंद’ म्हटलं तर? गावात पटकन कळेल.

उत्तर : बोलताना खुशाल म्हणा. लिहिताना अडचण येते, कारण बहुतेक वेळा जनुक पुरतं चालू नसतं की पुरतं बंद नसतं. डब्ल्यूआरआय१ हे जनुक बियात तेल तयार करणाऱ्या कितीतरी जनुकांना हुकूम देतं. त्याचं काम वाढवलं की तेलाचं प्रमाण वाढू शकतं. तिथे ‘चालू केलं’ म्हणणं चुकीचं, ते आधीपासून चालूच होतं. ‘अभिव्यक्ती वाढवली’ असंच लिहा.