कर्जमाफी झालेलं खातं क्रेडिट रिपोर्टवर 'सेटल्ड' दिसतंय, दुरुस्ती कशी करून घ्यावी?

नमस्कार मंडळी,

वडिलांनी २०१६ साली कापसासाठी ८० हजारांचं पीककर्ज उचललं होतं. २०१७ च्या बोंडअळीत पीक गेलं आणि खातं थकलं. पुढे महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेच्या यादीत नाव आलं (३० सप्टेंबर २०१९ ची थकबाकी, व्याजासह २ लाखांपर्यंत). आधार प्रमाणीकरणाला मी सोबत होतो. कामाने घासलेला अंगठा मशीन घेईना. चौथ्यांदा ओल्या फडक्याने पुसून ठेवला, तेव्हा कुठे पावती निघाली. खातं शून्य झालं, नवं पीककर्जही मिळालं आणि ते दरवर्षी मार्चच्या आत भरतोय.

आता बहिणीला नर्सिंगसाठी शैक्षणिक कर्ज हवंय, वडील सहकर्जदार. दुसऱ्या बँकेने वडिलांचा क्रेडिट रिपोर्ट (कर्जफेडीच्या इतिहासाचा अहवाल) काढला तर जुन्या खात्यासमोर 'सेटल्ड'. म्हणजे पूर्ण न फेडता तडजोड केली, असं तिथल्या मॅडमनी सांगितलं. वडिलांना ते फार लागलंय. त्यांनी कुणाशी तडजोड केलीच नव्हती, पैसे शासनाने भरले.

रिपोर्टवाल्या कंपनीकडे ऑनलाइन तक्रार केली. बाविसाव्या दिवशी उत्तर आलं, 'नोंद बरोबर असल्याचे बँकेने कळवले आहे.' बँकेच्या होकाराशिवाय कंपनी नोंद बदलत नाही हे कळलं. जुन्या बँकेच्या शाखेत गेलो, तर 'माफीची खाती अशीच गेलीत, आमच्या हातात नाही.' आमचा अर्ज घेऊन पोच द्यायलाही तयार नाहीत.

कुणी 'सेटल्ड'चं 'क्लोज्ड' (पूर्ण फेडून बंद) करून घेतलंय का? अर्ज शाखेत द्यावा की थेट मुख्य कार्यालयाच्या नोडल अधिकाऱ्याला, आणि त्यात नेमकं काय लिहावं? तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर रोज १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून आहे. पण उत्तर वेळेत आलं आणि चूक तशीच राहिली, तर तो लागू होतो का? की आता सरळ रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेच जावं?

आणखी एक अडचण आहे. प्रमाणीकरणाची पावती सातबाऱ्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती, पण शाई उडाली. खाते क्रमांक जेमतेम वाचता येतो, रक्कम अजिबात नाही. जिल्हा उपनिबंधक कार्यालयातून (सहकारी संस्था) लाभाची प्रमाणित नोंद मिळते का?

फी भरायला अठरा दिवस उरलेत. सोमवारी पुन्हा शाखेत जाणार आहे. कुणाकडे अशा अर्जाचा मसुदा असेल तर त्याआधी इथेच टाका, फार उपकार होतील.