ओट्याखालचा डिशवॉशर बदलायचा आहे, पण मधल्या काळात फरशी वर आली आहे

प्रश्न (जळगाव)

नमस्कार. आमच्या घरी ओट्याखाली बसवलेला डिशवॉशर ११ वर्षे चालला. गेल्या महिन्यात त्याच्या तळातून पाणी झिरपू लागले. आतला तळाचा पत्रा मिठाच्या झाकणाशेजारी गंजून त्याला भोक पडले आहे आणि तो भाग वेगळा बदलता येत नाही, असे तंत्रज्ञाने दाखवून दिले. त्यामुळे नवे यंत्र घेण्यावाचून पर्याय नाही.

अडचण अशी की, चार वर्षांपूर्वी आम्ही स्वयंपाकघरात जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवली आणि त्या वेळी यंत्र जागचे हलवले नाही. आता ओट्याच्या ग्रॅनाइटच्या पट्टीपासून नव्या फरशीपर्यंत ८२ सेंटिमीटर उंची मिळते, तर आत, यंत्राखालच्या जुन्या फरशीपर्यंत ८४.३ सेंटिमीटर. रुंदी ६०.५ आणि खोली ५८ सेंटिमीटर आहे. यंत्राच्या दारावर बाकीच्या कपाटांसारखेच शटर आहे. नवे यंत्र पूर्ण आत बसणारे घ्यावे की सुटे उभे राहणारे? जुने शटर पुन्हा वापरता येईल का? घरात सहा माणसे आहेत. नळाला वाघूर धरणाचे पाणी येते, परंतु उन्हाळ्यात टाकीत बोअरचे पाणीही घ्यावे लागते.

उत्तर १ (धुळे)

ताई, मी स्वयंपाकघरांचे फर्निचर बसवण्याचे काम करतो. आपण मापे आधी दिलीत हे फार चांगले केलेत, कारण बहुतेक लोक यंत्र दारात आल्यावर टेप काढतात.

सुटे उभे राहणारे यंत्र साधारण ८४.५ ते ८५ सेंटिमीटर उंच असते. काही मॉडेलांचे वरचे झाकण काढता येते, पण तरीही उंची ८२ च्या आसपासच राहते, म्हणून आपण त्या वाटेला जाऊ नये. पूर्ण आत बसणारे ६० सेंटिमीटरचे यंत्र पाय पूर्ण आत घेतल्यावर साधारण ८१.५ उंच असते, म्हणजे ते आपल्या तोंडातून अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकाने आत जाईल. मात्र ग्रॅनाइटची पट्टी सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशा तीन ठिकाणी उंची मोजा आणि सर्वांत कमी आकडा धरा.

आतला खळगा नव्या फरशीच्या पातळीला भरून घ्या, असे कोणी सुचवले तर ते मान्य करू नका. तो भरला की पाय खालीवर करून यंत्र पातळीत आणायला जागाच उरत नाही, आणि यंत्र पातळीत नसेल तर दाराच्या कोपऱ्यातून पाणी येते. जुने यंत्र काढण्यासाठी पुढचे पाय पान्याने वर घ्यावेत. मागचा पाय बहुतेक यंत्रांत पुढच्या तळाशी असलेल्या स्क्रूने फिरतो. मग पुढची बाजू सव्वादोन सेंटिमीटर उचलून नव्या फरशीवर घ्यावी, यंत्र सरळ ओढावे आणि मागचे पाय कडेला अडले की पुन्हा उचलावे. खाली जाड पुठ्ठा घाला, म्हणजे फरशीवर ओरखडे उठणार नाहीत.

जुने शटर वापरता येते. नव्या यंत्रासोबत भोके मारण्याचा कागदी साचा येतो, तो शटरच्या मागे लावून नवी भोके पाडावी लागतात. शटरचे वजन यंत्राच्या पुस्तिकेतील मर्यादेत आहे का ते पाहा आणि त्या वजनानुसार दाराची स्प्रिंग जुळवून घ्या, नाहीतर दार धाडकन खाली पडते. फरशी वर आल्यामुळे दार उघडताना शटरची खालची कड स्कर्टिंगला किंवा फरशीला घासेल, अशी मला शंका आहे. तसे झाल्यास ती कड कापून तिला नवी पट्टी लावावी लागेल.

उत्तर २ (भुसावळ)

मापांबद्दल वर लिहिलेले योग्यच आहे. मला पाण्याविषयी सांगायचे आहे, कारण आपल्या भागात यंत्र खराब होण्याचे मूळ बहुधा तिथेच असते.

पत्रा मिठाच्या झाकणाशेजारीच गंजला, यावरून मीठ भरताना सांडलेले खारे पाणी तळाशी साचून राहत असावे असे वाटते. मीठ भरले की लगेच धुण्याचा कार्यक्रम लावावा, म्हणजे ते खारे पाणी स्टीलवर थांबत नाही. डिशवॉशरसाठीचेच जाड मीठ वापरावे, स्वयंपाकाचे आयोडीनयुक्त बारीक मीठ त्यात घालू नये.

ते मीठ भांड्यांसाठी नसून यंत्रातल्या पाणी मऊ करणाऱ्या राळेसाठी असते. राळ पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते आणि मिठाच्या पाण्याने ती पुन्हा कामाला तयार होते. म्हणून नळाच्या आणि बोअरच्या पाण्याची कठीणता वेगवेगळी तपासून घ्या. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात २०० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. यंत्राच्या पुस्तिकेत हा आकडा अनेकदा जर्मन अंशांत असतो, त्यासाठी मिलिग्रॅमच्या आकड्याला १७.८ ने भागावे. उन्हाळ्यात बोअरचे पाणी सुरू झाले की यंत्रातील कठीणतेची पातळी वाढवावी आणि पावसाळ्यात ती परत कमी करावी. हे न केल्यास काचेच्या पेल्यांवर पांढुरका थर बसतो आणि दोष विनाकारण पावडरीला दिला जातो.

आणखी एक विचारतो. टाकी स्वयंपाकघराच्या नळापासून किती उंच आहे? पाण्याच्या १० मीटर उंचीला सुमारे १ बार दाब मिळतो आणि अनेक यंत्रांना किमान ०.५ बार लागतो.

उत्तर ३ (नंदुरबार)

मी रोज हे यंत्र वापरते, म्हणून भांड्यांबद्दल लिहिते. "१४ सेटिंग" (म्हणजे एका वेळी १४ जणांची भांडी) हा आकडा पाश्चात्त्य पद्धतीच्या ताट-बश्यांवरून ठरतो, त्यावरून आपल्या शेवभाजीच्या पातेल्याचा अंदाज येत नाही. आपली जेवणाची थाळी मोजा. खालच्या जाळीत थाळी उभी ठेवल्यावर ती वरच्या जाळीखालच्या फिरत्या पात्याला लागता कामा नये. वरची जाळी भरलेली असतानाही उंच करता येते का आणि खालचे दाते आडवे पडतात का, हे दोन्ही पाहा. सर्वांत वर चमच्यांसाठी तिसरा ट्रे असला तर मधल्या जाळीची उंची कमी होते, त्यामुळे आमच्याकडे तो काढूनच ठेवला आहे.

भरिताची स्टीलची कढई आणि तर्रीची पातेली ७० अंशांच्या कार्यक्रमात स्वच्छ निघतात, फक्त तळाशी लागलेले आधी खरवडून घ्यावे. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर काळा पडतो. तांब्या-पितळेची भांडी आणि लोखंडी तवा हातानेच घासावा.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. तीन ठिकाणची मापे ८२.१, ८२ आणि ८१.८ आली, म्हणजे ८१.५ च्या यंत्रासाठी फट केवळ ३ मिलिमीटरची उरते. बोअरच्या पाण्याची कठीणता ६२० आली, म्हणजे जवळपास ३५ जर्मन अंश. टाकीचा तळ नळापासून ३.६ मीटर उंच आहे. जुने यंत्र पाणी घ्यायला एवढा वेळ का लावत होते, ते आता कळले.

उत्तर २ (भुसावळ)

म्हणजे आपल्याकडे दाब सुमारे ०.३६ बार आहे, तोही टाकी तळाला आलेली असताना. किमान ०.३ बारवर चालणारे आणि ३५ अंशांच्या पुढेही पाणी मऊ करू शकणारे मॉडेल मागा. या दोन्ही गोष्टी विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर न सोडता पुस्तिकेत पाहा. तसे मॉडेल मिळाले नाही, तर या यंत्राच्या पाइपवर छोटा प्रेशर पंप बसवावा लागेल. दुरुस्तीसाठी माणूस जळगावातूनच येणार की नाशिकहून, हेही बिलापूर्वी लेखी घ्या.

प्रश्नकर्तीकडून

तसेच करते. थाळीचा व्यास ३१ सेंटिमीटर भरला आहे. शनिवारी दुकानात जाताना ती थाळी आणि मोठी कढई सोबत घेऊन जाणार आहे, म्हणजे जाळीत ठेवून पाहता येतील.