१,४२,००० शटर काउंटची निकॉन डी८५० लग्नाच्या कामासाठी घ्यावी का?

रत्नागिरी_फ्रेम्स
नमस्कार मंडळी. वापरलेली डी८५० आणि २४-७० एफ/२.८ जी लेन्स बघतोय. बॉडी पाच वर्षं जुनी, मुंबईत वापरलेली. शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा चाललं तो आकडा, १,४२,००० सांगितलाय. शटरसाठी कंपनीने दिलेला आकडा २ लाखांचा आहे. माझी वर्षाला ३० लग्नं, प्रत्येकी साधारण २,००० क्लिक, म्हणजे एका वर्षातच शटर संपणार का? बघायला जाताना काय काय तपासू?

पडदा_वर
२ लाख म्हणजे एक्स्पायरी डेट नव्हे. तेवढ्या वेळा शटर चालवून कंपनीने चाचणी घेतलेली असते, इतकंच. एखादं त्याआधी जातं, एखादं बरंच पुढे चालतं. डी७५० या दुसऱ्या मॉडेलची काही शटर निकॉनने २०१५ साली मोफत बदलून दिली, कारण फोटोच्या एका भागावर सावली यायची. तो दोष बनावटीतला होता, त्याचा काउंटशी संबंध नव्हता.

आधी काउंट स्वतः काढा. विकणाऱ्याकडून त्याच दिवशी काढलेली मूळ जेपेग मागा आणि एक्झिफटूल या फोटोतली माहिती वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शटर काउंट बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवली तर मेटाडेटा, म्हणजे फाइलमधली ही माहिती, निघून जातो. व्हिडिओचे तास मात्र या आकड्यात कुठेच दिसत नाहीत, ते विचारूनच घ्या.

मग शटर. दिवसा मोकळ्या आकाशाकडे धरून १/८०००, १/४०००, १/२००० आणि १/२५० सेकंद शटर स्पीडला प्रत्येकी दहा फ्रेम काढा. एका कडेला गडद पट्टा दिसला किंवा फ्रेमगणिक उजेड बदलला, तर शटरचे पडदे सारख्या वेगाने धावत नाहीत. ही चाचणी हॉलच्या किंवा दुकानातल्या दिव्याखाली करू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. पट्टे दिव्याचे असतात आणि दोष शटरला लागतो.

उजेड बदलतोय पण शटर ठीक वाटतंय, असं झालं तर लेन्स बघा. एफ/२.८ आणि एफ/१६ ला सारखं एक्स्पोजर धरून वीस-वीस फ्रेम काढा. फक्त एफ/१६ च्या काही फ्रेम उजळ आल्या तर अ‍ॅपर्चरची (लेन्समधल्या उजेड कमी-जास्त करणाऱ्या छिद्राची) पाती वेळेत मिटत नाहीत. बहुतेकदा पात्यांवर तेल आलेलं असतं.

फोकससाठी डावा, मधला आणि उजवा पॉइंट वेगवेगळा तपासा आणि लाइव्ह व्ह्यूशी (मागच्या स्क्रीनवर बघून केलेल्या फोकसशी) ताडून पहा. तिन्हीकडे सारखाच फरक असेल तर एएफ फाइन-ट्यून या कॅमेऱ्यातल्या फोकस दुरुस्तीच्या सेटिंगने जुळतो. एकाच बाजूला घसरत असेल तर बॉडी किंवा लेन्स पडलेली असण्याची शक्यता मोठी. तो सौदा सोडा.

दमट_हवा
काउंटपेक्षा मला पाच वर्षांच्या मुंबईच्या हवेची काळजी जास्त वाटते. शटर बदलता येतं. आतल्या सर्किट बोर्डावर खारी ओल चढली की दोष कधी येतो, कधी जातो, आणि तो शोधण्यातच पैसे जातात. बॅटरीच्या कप्प्यातल्या पट्ट्यांवर हिरवट थर आहे का, तळाचे स्क्रू गंजलेत का, एचडीएमआय पोर्ट आणि फ्लॅश बसवायच्या खाचेमध्ये पांढरी पूड आहे का, हे टॉर्चने बघा. ग्रिपचं रबर फुगलेलं असेल तर तो घामाचा आणि वयाचा परिणाम. नवं लावता येतं.

दोन्ही कार्ड स्लॉट बॅकअप मोडवर (प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर) टाकून शंभरेक फ्रेम सलग काढा. सेटअपमधल्या बॅटरी इन्फोत बॅटरीचं वय ० ते ४ दिसतं. ४ असेल तर नवी बॅटरी किमतीत धरा.

रत्नागिरी_फ्रेम्स
दोघांचेही आभार. लेन्समध्ये बुरशीचे धागे दिसले तर साफ करून चालेल का?

दमट_हवा
आधी नीट दिसायला हवेत. ही ‘जी’ प्रकारची लेन्स बॉडीवरून काढली की तिचं अ‍ॅपर्चर मिटलेलं असतं. मागची छोटी पट्टी बोटाने हलकेच सरकवून ते उघडं ठेवा आणि मागून टॉर्च मारून तिरकं बघा. धूळ ठिपक्यांसारखी दिसते, बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. बाहेरच्या काचेवर नुकती धरली असेल तर निघते. काचेवरचं कोटिंग बुरशीने खाल्लं असेल तर डाग राहतोच, आणि स्टेजच्या दिव्यांसमोर फोटो धुरकट येतो. आतल्या काचेवर असेल तर घेऊ नका.

रत्नागिरीत पावसाळ्यात सामान कापडी बॅगेत ठेवू नका. ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. ३० च्या खाली नेलं तर वंगण आणि रबर सुकायची भीती. कॅबिनेट जमत नसेल तर रबरी कडेचा हवाबंद डबा, आत पाव किलो सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास सुकवा. अन्नाच्या भांड्यात मात्र नको, निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं.

पडदा_वर
एक राहिलंच. एसी हॉलमधून बाहेर येताना कॅमेरा बॅगेत चेन लावून अर्धा तास तसाच ठेवा, नाहीतर आत दव धरतं. हळदीला लेन्स बदलू नका. ती पूड बारीक असते, डायलच्या फटीत बसली की ओल्या फडक्याने आणखी आत जाते. आधी ब्लोअर, मग कोरडा मऊ ब्रश. आणि भाव ठरवण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून शटर बदलण्याचा खर्च लेखी मागून घ्या. निदान त्याची अर्धी रक्कम तरी सौद्यातून कमी करायला सांगा.