उत्तर: स्क्रीन टेस्टमध्ये नट कितपत कळतो?

स्क्रीन टेस्ट म्हणजे भूमिका देण्याआधी कॅमेऱ्यासमोर घेतलेली चाचणी. तिथे दोन पानं संवाद पाठ करून आला की नट कळतो, हे या चर्चेत काहींनी मांडलेलं मत मला पटत नाही. त्यातून पाठांतर कळतं. पहिला टेक, म्हणजे प्रसंगाचं पहिलं चित्रण, तो घरून ठरवून आणतो, तेव्हा तो न टोकता होऊ द्यावा. मग एकच सूचना बदलावी: 'हेच वाक्य, पण समोरच्याला कळू द्यायचं नाही की तू रडून आलायस.' दुसऱ्या टेकमध्ये काही हललं, तर सेटवर या माणसाबरोबर काम होईल. तोच सूर, तोच हात पुन्हा आला, तर चित्रीकरणातही तेच होणार.

या चर्चेत कुणी लिहिलं नाही ते म्हणजे ऐकण्याचा शॉट: समोरचा बोलतो आणि कॅमेरा ऐकणाऱ्या नटावर असतो. समोरचे संवाद वाचणाऱ्याला लेन्सला अगदी खेटून, डोळे लेन्सच्याच उंचीवर येतील असं बसवा. तो बाजूला सरकला की नटाची नजर भरकटते, अर्धा चेहरा जातो आणि दोष मात्र नटाच्या माथी येतो. लेन्स ५० मिमी किंवा त्याहून लांब असावी. मोबाइल तोंडाजवळ धरला तर नाक मोठं दिसतं, म्हणून दीड-दोन मीटर मागे जा. वाचणाऱ्याने हळू आवाजात बोलावं, नाहीतर माइकजवळ त्याचाच आवाज भरतो. आणि संवाद संपल्यावर लगेच 'कट' म्हणू नका, वीसेक सेकंद कॅमेरा चालू ठेवा. पापणी खाली जाते, आवंढा गिळला जातो, ते तिथेच सापडतं.