छोट्या ऑफिसात इंटर्नल डीएनएस कुठे चालवावा: राउटर, नॅस की रास्पबेरी पाय?

भोसरीकर
नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं डिझाइन ऑफिस आहे, २५-३० पीसी, मायक्रोटिकचा राउटर, सिनॉलॉजीचा नॅस (नेटवर्कवरचा फाइल साठवायचा डबा) आणि एका विंडोज मशीनवर टॅली. सगळे आयपी टाकूनच काम करतात आणि नॅसचा आयपी बदलला की प्रत्येकाच्या टेबलावर जाऊन शॉर्टकट बदलत बसायचं, वैताग आलाय. म्हणून ऑफिसातल्या मशीनच्या नावावरून त्याचा आयपी सांगणारा आपलाच डीएनएस लावायचाय. वेंडर म्हणतो विंडोज सर्व्हर घ्या, मित्र म्हणतो रास्पबेरी पायवर (छोटा स्वस्त कॉम्प्युटर) पाय-होल हा जाहिराती अडवणारा डीएनएस टाक फुकटात काम होतं, आणि नॅसमध्ये पण डीएनएसचं पॅकेज दिसतंय. पीसीवर दुसरा डीएनएस गूगलचा ८.८.८.८ दिला की आपला बंद पडला तरी नेट चालू राहील ना? गुरुवारी इथे लाईट जाते, यूपीएसवर फक्त राउटर, मेन स्विच आणि टॅलीचं मशीन आहे.

रात्रपाळी_अ‍ॅडमिन
आधी नॅसची डीएचसीपी लीज स्टॅटिक करा, म्हणजे राउटर त्याला दरवेळी तोच आयपी देईल, निम्मं दुखणं तिथेच संपतं.

डीएनएस राउटरवरच ठेवा. राउटर बंद तर नेट तसंही बंद, मग डीएनएससाठी आणखी एक डबा सांभाळायचा कशाला. नॅसवर ठेवला तर अपडेटनंतर नॅस रीस्टार्ट होईपर्यंत अख्ख्या ऑफिसचं नेट "गेलं", आणि फोन तुम्हालाच येणार. मायक्रोटिकमध्ये स्टॅटिक एंट्रीचा (हाताने भरलेलं नाव-आयपी) टीटीएल, म्हणजे पीसीने उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं ते, डिफॉल्ट एक दिवसाचा असतो, तो पाच मिनिटांवर आणा, नाहीतर उद्या आयपी बदललात तर पीसी जुनाच धरून बसतील. डीएचसीपीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डोमेन पण भरा म्हणजे नुसतं नॅस टाइप केलं तरी चालेल.

पॅकेट_पाटील
वरचं बरोबर पण एक धोका सांगतो. मायक्रोटिकला बाकीच्यांच्या क्वेरी घ्यायला लावायचं म्हणजे "अलाउ रिमोट रिक्वेस्ट्स" चालू करावं लागतं, आणि फायरवॉल धड नसेल तर तो अख्ख्या इंटरनेटला उत्तरं देत बसतो. जुन्या कॉन्फिगमध्ये ब्लॉकचा रूल इथर१ या पोर्टवर असतो आणि नेट येतं पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डवालं कनेक्शन) इंटरफेसवरून, म्हणजे रूल दिसतो पण लागतच नाही. घरून मोबाईल डेटावरून आपल्या पब्लिक आयपीला क्वेरी मारून बघा, उत्तर आलं तर लगेच डीएनएसचा पोर्ट ५३ बाहेरून बंद करा, यूडीपी टीसीपी दोन्ही.

जुना_विंडोजवाला
८.८.८.८ दुसरा द्यायचा नाही!! हे सगळ्यांनाच वाटतं, की पहिल्याला माहीत नसेल तर दुसऱ्याला विचारेल. तसं नसतं हो. पहिल्याने "असं नावच नाही" म्हटलं की ते उत्तरच झालं, विषय संपला, दुसऱ्याकडे विंडोज जातो ते पहिला गप्प बसला तरच. आणि एकदा तिकडे गेला की काही वेळ तिकडेच राहतो, गूगलला तुमचा नॅस कुठून माहीत असणार, म्हणून "मघाशी चालत होतं आता नाही, शेजारच्या पीसीवर चालतंय" हा प्रकार सुरू होतो आणि माणूस केबल बदलत बसतो. दोन द्यायचे तर दोन्ही आतले द्या.

विंडोज सर्व्हर फक्त डीएनएससाठी घेऊ नका. उद्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्यांची लॉगिन एका जागी सांभाळणारी विंडोजची सोय) लागली तर मात्र डोमेनमधल्या पीसींना डोमेन कंट्रोलरचाच, म्हणजे तिच्या सर्व्हरचाच, डीएनएस द्यावा लागेल, लॉगिनचा सर्व्हर ते डीएनएसमधल्या एसआरव्ही रेकॉर्डवरून शोधतात, ते राउटरमध्ये हाताने भरत बसू नका.

सिंहगडरोड
पाय-होलला नावं ठेवू नका, जाहिराती मस्त अडवतं :) पण एसडी कार्डवर चालवून त्यावर २५ माणसांचं काम टाकणं, आणि तेही लाईट जाते तिथे... घरी ठीक आहे.

भोसरीकर
बरं, मग राउटर. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आत्ता नकोच, मालक टॅलीचं रिन्यूअल ऐकूनच दचकतात. नाव काय देऊ, डॉट लोकल?

जुना_विंडोजवाला
डॉट लोकल नको, ते एमडीएनएससाठी (सर्व्हरशिवाय मशीन एकमेकांना नावाने शोधतात ती पद्धत) राखीव आहे, मॅक आणि प्रिंटर गोंधळ घालतात. इंटरनेटवरची नावं सांभाळणाऱ्या आयकॅनने २०२४ मध्ये डॉट इंटर्नल खाजगी वापरासाठी राखून ठेवलंय, ते वापरा. पण कंपनीचं डोमेन असेल तर त्याचंच सबडोमेन घ्या, कारण नॅसच्या वेबपेजवर लाल इशारा नको असेल तर लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट त्या नावाला मिळतं, डॉट इंटर्नलला मिळत नाही. आणि कुणाच्या फायरफॉक्समध्ये सिक्युअर डीएनएस (राउटरला न विचारता बाहेरच्याला विचारणं) चालू असेल तर ते बंद करा, नाहीतर त्या एकाच पीसीवर नॅसचं पेज कदाचित उघडणार नाही आणि शिव्या राउटरला बसतील.

भोसरीकर
डोमेन आहे. शनिवारी सगळे गेले की लावतो, पोर्ट ५३ चं आधी बघतो.