स्पॅनिश रेड वाइन: ‘कोरडी’ की ‘तुरट’?

प्रश्न: स्पेनच्या आरागॉन प्रदेशातील काम्पो दे बोर्हा येथे होणाऱ्या गार्नाचा जातीच्या द्राक्षांच्या एका स्वस्त वाइनच्या चवीविषयी मी मराठीत टिपण लिहीत आहे. विक्रेत्याच्या माहितीत ती ‘ड्राय’ असल्याचे म्हटले आहे. ‘कोरडी’ हा शब्द मराठीत कृत्रिम वाटतो, म्हणून ‘तुरट’ लिहिले तर चालेल का?

उत्तर: ‘तुरट’ लिहू नये, कारण त्याने अर्थच बदलतो. ‘ड्राय’ हे साखरेविषयीचे विधान आहे: किण्वनात द्राक्षांतील साखरेचे मद्यार्कात रूपांतर होऊन ती जवळजवळ संपली, एवढेच त्यातून कळते. युरोपीय नियमांनुसार साधारणपणे लीटरला 4 ग्रॅमपर्यंत साखर उरलेली वाइन या वर्गात बसते आणि स्पॅनिशमध्ये तिला ‘सेको’ म्हणतात. तुरटपणा ही निराळी गोष्ट आहे. द्राक्षांची साल, बिया आणि देठ यांतील, तसेच ओकच्या पिंपातून उतरणारे टॅनिन हे द्रव्य लाळेतील प्रथिनांना चिकटते, लाळेचा बुळबुळीतपणा कमी होतो आणि सुपारी चघळल्यावर हिरड्या आखडल्यासारख्या वाटतात तसे वाटू लागते. हा अनुभव चवीपेक्षा स्पर्शाचा अधिक आहे. आपल्याकडे तरीही षड्रसांत ‘कषाय’ म्हणून त्याला जागा आहे आणि ‘तुरट’ हा त्याचा रोजच्या वापरातला, अगदी नेमका शब्द आहे. तो दुसऱ्या अर्थासाठी खर्ची घालणे मला फार चुकीचे वाटते.

तुमच्याच वाइनवर हे तपासता येईल. गार्नाचाची साल पातळ असते आणि तिच्यात टॅनिन बेताचे असते, पण उन्हात चांगली पिकल्यामुळे मद्यार्क बहुधा 14 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. पिकलेल्या फळांचा गंध आणि मद्यार्क यांमुळे साखर नसतानाही ती जिभेला किंचित गोडसर भासते. तिच्या शेजारी स्पेनच्याच मुर्सिया आणि आल्बासेते भागातील हुमियाची, मोनास्त्रेल जातीच्या द्राक्षांची तितकीच स्वस्त वाइन ठेवून पाहा. जाड सालीच्या द्राक्षांपासून केलेली ही वाइनही ‘सेको’च असते, मात्र ती हिरड्यांना स्पष्टपणे आवळते. दोन्ही ‘ड्राय’ आहेत आणि तुरट म्हणावी अशी त्यांतली एकच आहे. हा फरक ज्या टिपणात उमटत नाही, त्यातून वाचकाला बाटली निवडण्यास काहीच मदत होत नाही.

तेव्हा प्रथम ‘ड्राय, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली’ असा उलगडा द्यावा आणि पुढे ‘ड्राय’ हाच शब्द ठेवावा. ‘कडक’ हे विशेषण मद्यार्काच्या जोरासाठी राखावे. तुमच्या गार्नाचाला ते शोभेल. कडूपणा मात्र जिभेवर रेंगाळणारी खरीखुरी चव आहे, म्हणून ‘कडवट’ आणि ‘तुरट’ यांचीही सरमिसळ होऊ देऊ नये.

उपप्रश्न: स्पेनच्याच रिओहा या वाइन-प्रदेशाच्या बाटलीवरील ‘क्रिआन्था’साठी ‘मुरवलेली’ हा शब्द कसा वाटतो?

उत्तर: शब्द सुंदर आहे, पण अपुरा आहे. ‘क्रिआन्था’चा मूळ अर्थ संगोपन असा आहे आणि बाटलीवर तो कायद्याने ठरलेला वर्ग म्हणून येतो. रिओहातील रेड वाइनसाठी एकूण किमान 2 वर्षे आणि त्यांपैकी किमान 1 वर्ष 225 लिटरच्या ओकच्या पिंपात, असा तो नियम आहे. स्पेनच्या सर्वसाधारण नियमात पिंपातील मुदत 6 महिन्यांची असते. ‘रेसेर्वा’ आणि ‘ग्रान रेसेर्वा’ यांही मुरवलेल्याच वाइन असल्यामुळे केवळ ‘मुरवलेली’ लिहिले तर तिन्ही वर्ग एकच होतात. मूळ संज्ञा देवनागरीत ठेवून ‘पिंपात वर्षभर मुरलेली’ अशी जोड द्यावी. मुदत लिहिली की रिओहाच्या स्वस्त वाइनमध्येही व्हॅनिलाचा गंध का येतो, हेही वाचकाला उमगते: तो द्राक्षांचा नसून मुख्यतः ओकच्या लाकडाचा असतो.