केळीचा दोरा खोडाचा की पानाचा? सहावीच्या प्रोजेक्टवरून घरात वाद

देवगडची_आई:
नमस्कार मंडळी, व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर सगळे म्हणाले गूगल कर, म्हणून इथे टाकतेय. मुलगा सहावीत आहे, विज्ञानाच्या बाईंनी प्रोजेक्ट दिलाय की घरातले आणि आजूबाजूचे धागे गोळा करा, वहीत चिकटवा आणि खाली लिहा हा झाडाच्या कुठल्या भागापासून मिळतो. चिरंजीवांनी मोठ्या उत्साहात घर उलथंपालथं केलं. वातीचा कापूस, गोणपाटाचा धागा, सुंभाचा तुकडा, आजीची उशी उसवून त्यातला सावरीचा कापूस (त्याबद्दल ओरडा खाल्ला तो वेगळा), सासऱ्यांच्या जुन्या जाळ्यातलं नायलॉन, आणि सासूबाई ज्याने अबोलीचा वळेसर करतात तो केळीचा दोरा.

आता गंमत अशी की वही परत आली तेव्हा निम्म्या उत्तरांवर लाल फुल्या. सुंभाखाली त्याने खोड लिहिलं होतं, ते चुकलं हे मला पण कळतं. कापसाखाली फळ लिहिलं, बाईंनी बी केलं. सावरीखाली मग काय लिहायचं, तेही बी असणार ना? आणि केळीखाली याने पान लिहिलं कारण आजीने तसं सांगितलं, बाई म्हणतात खोड. आता आजी विरुद्ध बाई असा सामना लागलाय आणि मी मधे.

अजून दोन प्रश्न त्याचेच आहेत. सुंभ खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहतं मग सुती दोरी का कुजते, दोन्ही झाडाच्याच ना? आणि नायलॉन पेट्रोलपासून बनतं, पेट्रोल जमिनीतून येतं, मग ते नैसर्गिक का नाही? या शेवटच्याला माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं, मी म्हटलं जेव आधी.

जुना_मास्तर:
ताई, आधी आजींना माझा नमस्कार सांगा, त्या बरोबर आहेत. बाई पण अगदीच चूक आहेत असं नाही, बरीच पुस्तकं केळीला खोडातच घालतात, पण आपण ज्याला केळीचं खोड म्हणतो ते खोड नसतंच. पानांचे देठ खाली रुंद होऊन एकावर एक गच्च गुंडाळले जातात आणि खांबासारखं काहीतरी उभं राहतं, बस. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद, तो केळफूल यायच्या वेळेला मधून दांडा वर काढतो, आपण ज्या गाभ्याची भाजी करतो तो. बाकी सगळी सोपटं, म्हणजे पानाचाच भाग. म्हणून तर केळीला झाड म्हणायचं की नाही यावर वनस्पतीशास्त्रवाले नाक मुरडतात.

मुलाला हे सांगू नका, दाखवा. घड उतरवलेली केळ तोडतातच, तिचा हातभर तुकडा घ्या आणि एकेक सोपट सोलत जा. आडवं कापलं की आत पोळ्यासारखे रिकामे कप्पे दिसतील, हवेचे. त्यातलं बाहेरचं एक सोपट पाटावर टाकून बोथट सुरीने गर खरवडला की खाली चकचकीत धागे उरतात. आणि प्रत्येक सोपट वर नजरेने धरत गेलात तर ते शेवटी एका पानातच जातं. पोराने ते बोटाने दाखवलं की बाईंना पण पटेल, चिठ्ठी लिहायची गरज नाही.

आता बाकीच्यांचं. वर्गात मी एकच युक्ती सांगायचो, हा धागा झाडाला स्वतःला कशासाठी लागतो ते विचार. झाड काही आपल्यासाठी दोरी वळत नाही. माडाचं फळ पडतं किनाऱ्यावर, पाण्यात वाहत जातं, कुठेतरी लागतं आणि रुजतं. तोवर आतला कोंब जपायला जाड, हवा धरून ठेवणारं आणि लवकर न कुजणारं वेष्टन हवं, ते म्हणजे सोडण. त्यामुळे काथ्या, म्हणजे ज्याचं सुंभ वळतात तो धागा, फळाचा. देवगडच्या मुलाला तर सोपं आहे, आंबा समोर ठेवा. आंब्याची साल, मग गर, मग बाठा. नारळातही तेच तीन थर आहेत, फक्त आंब्याचा जो गर तो नारळात सोडण झाला आणि बाठ्याचं जे कठीण कवच ती करवंटी झाली. रायवळ आंबा चोखताना दातात जे धागे अडकतात ते काथ्याचे भाऊच समजा.

कापसाचं काम वेगळं, बी वाऱ्यावर उडवायचं. सरकीच्या सालीवरची एकेक पेशी लांब वाढून केस होते, एक तंतू म्हणजे एकच पेशी. दोन-तीन सेंटीमीटरची एक पेशी, डोळ्याला दिसणारी! बोंड हे फळ खरं, पण तंतू बियांचा, म्हणून बाईंची ती फुली बरोबर. आपल्याकडच्या पोरांनी कापसाचं झाड बघितलेलंच नसतं हा खरा घोळ आहे, रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वर जांभी जमीन, बोंडं कुजून जातील. ते विदर्भाच्या काळ्या मातीचं पीक.

आणि सावर, इथे सगळे फसतात. सावरीचा कापूस बियांना चिकटलेला नसतो, तो बोंडाच्या आतल्या भिंतीवर उगवतो. म्हणजे तिथे फळच लिहायचं. मुलाने कापसाला फळ आणि सावरीला बी असं उलटं केलं असतं तर दोन्ही चुकलं असतं, आता निदान अर्धं तरी वाचलं.

गोणपाट म्हणजे ताग, तो खोडाचा, पण खोडाच्या आतला नाही, सालीचा. अंबाडीचं पण तेच. आणि घायपात पानाचा, कुंपणाला असेल तर त्याचा वाख काढून तोही चिकटवा, एक मार्क जास्त मिळेल.

सहज_आलो:
मास्तर, सावर आणि कापूस वेगळे हे चाळिशीत कळलं. मग सावरीचं कापड का नाही करत कोणी? आमच्या आजोळी एवढी झाडं आहेत, एप्रिलमध्ये अंगणभर उडतो नुसता.

जुना_मास्तर:
कारण तो निसरडा असतो. कापसाचा तंतू सुकला की चपटा होतो आणि त्याला आपोआप पीळ पडतो, त्यामुळे सूत कातताना एकमेकांना धरून ठेवतो. सावरीचा तंतू गुळगुळीत पोकळ नळीसारखा आणि वर मेणचट, पिळला तरी सुटतो. पण म्हणूनच उशीला छान आणि पाण्यावर तरंगायला पण. पूर्वी बोटीवरच्या लाइफ जॅकेटमध्ये त्याच्याच कुळातल्या एका झाडाचा कापूस भरायचे.

रापणकर_मालवण:
ताई तुमच्या झिलाचो सुंभाचो प्रश्न माका आवडलो. आमच्या आजोबांच्या वेळेक रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, दोरी काथ्याचीच, जाळी मात्र सुती नायतर सणाची (ताग-अंबाडीसारखो धागो) असायची, आणि ती तशीच समुद्रात टाकली तर वर्षभर पण टिकायची नाय. म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात नायतर काथात उकळून काढायचे. काथ म्हणजे खैराचा, पानात घालतात तो, काथ्या नाही, दोन्ही गोष्टी वेगळ्या, आमचो पुतण्या अजून घोळ घालता. त्या काढ्याने जाळं तांबडं-काळं व्हायचं आणि कुजायचं कमी.

पण काथ्याला असलं काही लागत नाय. उलट सोडणं खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने पुरून ठेवायची, वर दगड. काढताना जो वास येतो तो, बापरे, कुजक्या अंड्यांचा, जेवण जाणार नाय. सगळा गर कुजून जातो आणि धागा तसाच. मग दांडक्याने बडवायचा, धुवायचा, वाळवायचा, आणि बायका हातावर सुंभ वळत बसायच्या. आता तुम्हीच बघा, जी वस्तू आधीच सहा-आठ महिने कुजवूनसुद्धा कुजली नाय ती होडी बांधून काय कुजतली.

आणखी एक, काथ्याची दोरी लाटेच्या हिसक्याला थोडी ताणते आणि परत येते, सुती दोरी कडकन जाते. जुनी गलबतं तर खिळ्याशिवाय काथ्यानेच शिवायचे अरबी समुद्रात सगळीकडे. २०२५ साली नौदलाने तसंच शिवलेलं जहाज कारवारला दाखल करून घेतलं, कौंडिण्य नाव, अजिंठ्याच्या चित्रावरून बनवलेलं. झिलाक त्याचा व्हिडिओ दाखवा.

जुना_मास्तर:
वा, हे माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत. फक्त कारण जोडतो. कापूस म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर सेल्युलोज, झाडाच्या पेशींच्या भिंती ज्याच्या बनतात ते, आणि ते बुरशीला नि जिवाणूंना पचतं, त्यांचं ते जेवणच. काथ्यात सेल्युलोजच्या जोडीला लिग्निन भरपूर, चाळीस टक्क्यांच्या आसपास, लाकडाला कडकपणा देतं तेच. ते पचवणं फार थोड्यांना जमतं. चिखलात जिवाणू खातात ते धाग्यांमधलं पेक्टिन, म्हणजे धागे एकमेकांना चिकटवणारा डिंक, धागा तसाच सोडतात. तागात लिग्निन थोडंच, म्हणून पावसाळ्यात गोणपाट सुंभाच्या आधी जातं पण सुती पिशवीच्या नंतर.

नायलॉनचं उत्तर राहिलं. नैसर्गिक धागा म्हणजे जो धागा म्हणूनच उगवतो, आपण फक्त सोडवून घेतो. खनिज तेलात धागा नसतो. त्यातून रसायनं काढायची, ती जोडून लांबलचक रेणू बनवायचे, वितळवायचे आणि बारीक भोकांतून ओढायचे. १९३५ साली अमेरिकेत कॅरोदर्स नावाच्या शास्त्रज्ञाने ते पहिल्यांदा केलं. मुलगा अजून भांडला तर त्याला रेयॉन विचारा, लाकडाच्या लगद्यातलं सेल्युलोज विरघळवून कारखान्यात परत धागा करतात. माल झाडाचा, धागा माणसाचा. त्यावर त्यालाच ठरवू दे.

पुण्यात_अडकलेला_चिपळूणकर:
कुठला धागा झाडाचा आणि कुठला कारखान्यातला हे ओळखायला सगळ्यात सोपं म्हणजे जाळून बघा ना, आम्ही शाळेत केलं होतं. पण ताई तुम्ही स्वतः बसा शेजारी, चिमट्याने धरा, खाली पाण्याची थाळी, आणि नायलॉन वितळून ठिबकतं ते हाताला लागलं तर सुटत नाही, मी अनुभवी आहे, अंगठ्यावर डाग अजून आहे.

देवगडची_आई:
झालं एकदाचं! काल रात्री लाइट गेले होते, तसंही काही काम नव्हतं, पणती लावून मागच्या पडवीत बसलो तिघं, मी, तो आणि सासूबाई. वातीचा कापूस भस्सकन पेटला, कागद जळल्यासारखा वास, राख बोट लावताच उडाली. गोणपाट जवळपास तसंच. नायलॉन पेटायच्या आधीच आक्रसलं, मागे मागे पळालं आणि टोकाला कडक मणी झाला, तो थंड झाल्यावर दाताने पण फुटेना (हो, चावून बघितलं त्याने, मी नाही म्हणेपर्यंत). सासूबाईंनी मधेच स्वतःचा एक केस टाकला ज्योतीत, म्हणाल्या लोकर पण अशीच घाणेरडी जळते, आणि खरंच घरभर वास.

पण मजा सुंभाची. ते धड पेटेना, नुसतं धुमसत बसलं, लाल निखारा हळूहळू सरकत गेला मागे आणि मागे जी राख राहिली ती दोरीसारखीच, पीळ अन् पीळ दिसतोय! मी आणि सासूबाई एकदम म्हणालो, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. आयुष्यभर ही म्हण नवऱ्याला उद्देशून वापरली, डोळ्यांनी कालच बघितली. मुलगा म्हणतो हे वहीत कसं चिकटवू, फुंकर मारली की जातं. शेवटी मोबाईलवर फोटो काढला.

केळीचं पण केलं, सोपटं सोलून. एक अख्खं पानापर्यंत उलगडून शाळेत घेऊन गेला, बसमधे सगळ्यांना चिकट झालं ते वेगळं. बाईंनी वर्गात दाखवायला ठेवून घेतलं आणि फुली खोडली. चांगल्या आहेत बाई, मी उगाच तयारीत होते.

रापणकर_मालवण:
शाब्बास रे झिला! आता एक काम अजून. तुमच्या सासऱ्यांच्या जाळ्यातलं नायलॉन खरंच नायलॉन आहे का बघा. आम्ही सगळ्याच प्लास्टिकच्या दोरीक नायलॉन म्हणतो पण बाजारातली हिरवी-निळी दोरी पुष्कळदा वेगळी असता, पीपी म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, दुसरा प्लास्टिक. बादलीत घालून दोन बोटांनी दाबून आतली हवा काढा. नायलॉन बुडता, पीपी तरंगता. किनाऱ्यावर वाहून येतात ते दोरीचे गुंते बघा, तरंगत इलेलेच असतात.

देवगडची_आई:
केलं आत्ताच. जाळं बुडलं, कपडे वाळत घालायची निळी दोरी तरंगली. म्हणजे इतकी वर्षं मी दुकानात नायलॉनची दोरी द्या म्हणून जे मागत होते ते नायलॉन नव्हतंच, आणि दुकानदार पण नायलॉन म्हणूनच देत होता!

आता त्याच्या डोक्यात नवीन आलंय, विहिरीमागे खड्डा करून सगळ्यांचा एकेक वीतभर तुकडा पुरून ठेवणार आणि गणपतीत काढून बघणार काय उरलं ते. सासरे म्हणतात सुती काही मिळणार नाही. पैज लागलीय, मोदकांची.

रापणकर_मालवण:
पुरा पण वर काठी रोवून ठेवा, नायतर पावसात गवत वाढला की जागा गावाची नाय. आमचो अनुभव.